बुडालेल्या मोटारीचे मोल

२०२५ सालच्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या भाच्याचे अमेरिकेहून पत्र आले. पत्र म्हणजे ई-मेलच. पण चार परिच्छेदांची, शुद्धलेखन सांभाळलेली आणि शेवटी थट्टेने ‘आपला आज्ञाधारक’ असे लिहिलेली. म्हणून तिला पत्र म्हणण्यास हरकत नसावी. हा मुलगा जॉर्जिया संस्थानातील अटलांटा शहरी नोकरीस आहे. वय तिशीच्या आतबाहेर, अद्याप अविवाहित, आणि लहानपणापासून मोटारींचा नादी. तिळगुळाचा उपचार एका ओळीत उरकून त्याने प्रश्न घातला होता तो असा: ‘मामा, पुरात बुडालेली एक स्पोर्ट्‌स मोटार फार स्वस्तात मिळते आहे. आई नको म्हणते, इथले मित्र घे म्हणतात. तुम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलंत. तुमच्या शास्त्रात याला काही उत्तर आहे का?’

मोटारीच्या व्यवहारात आमचा सल्ला घेण्याची पाळी कोणावर यावी, याचे आम्हांस प्रथम हसू आले. आमच्या घरी मोटार हाकण्याचे काम सौभाग्यवतींकडे असून, चाकांतील हवा तपासून घेण्यापलीकडे आमची मजल गेलेली नाही. परंतु पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर ते हसू मावळले. त्याचे कारण पुढे यथावकाश येईलच. प्रथम हकीकत सांगतो.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन नावाचे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळले आणि उत्तरेकडे जमिनीवर शिरले. अटलांटा समुद्रापासून पुष्कळच आत. तरीही तेथे ४८ तासांत ११ इंचांहून अधिक पाऊस झाला आणि शहरातून वाहणारा पीचट्री नावाचा ओढा पात्र सोडून रस्त्यांवर आला. त्या ओढ्याकाठच्या एका सखल वाहनतळावर पोर्शे कंपनीची ‘बॉक्स्टर’ जातीची, २००३ साली बनलेली, दोनच आसनांची, छप्पर मागे सारता येणारी एक मोटार उभी होती. पाणी आसनाच्या गादीपर्यंत चढले आणि दुसऱ्या दिवशी उतरले. विमा कंपनीने मालकास पैसे दिले व मोटार लिलावात काढली. एका लहानशा व्यापाऱ्याने ती घेतली, धुतली, वाळवली, काही भाग नवे बसविले आणि विक्रीस मांडली. त्याच वयाच्या कोरड्या मोटारीस, भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे, त्या गावी चौदा हजार डॉलर पडतात. ही साडेचार हजारांत मिळत होती. व्यापाऱ्याने काही लपविलेलेही नव्हते. मालकीपत्रावर पुराचा शिक्का स्पष्ट होता. यावर भाच्याचा युक्तिवाद असा की, येथे कोणी कोणाला फसवीत नाही, सगळे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा नीतीचा प्रश्न उरतोच कोठे? उरतो तो केवळ हिशेब.

बरे तर, हिशेबच आधी पाहू.

बुडालेल्या मोटारीविषयी सामान्य माणसाची कल्पना अशी असते की, ओल्या धोतराप्रमाणे ती उन्हात वाळत घातली म्हणजे झाले. वस्तुस्थिती निराळी आहे. चालत्या इंजिनाने पाणी आत ओढले तर ते तत्काळ मरते. कारण हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि त्याला धरणारा पोलादी दांडा वाकतो. उभ्या मोटारीवर हा प्रसंग येत नाही. पाणी ओसरल्यावर ‘चालते का पाहू’ म्हणून उतावळेपणाने किल्ली फिरविणारा मालकच तो ओढवून घेतो. तेलात पाणी मिसळले म्हणजे त्याला दुधाळ चहाचा रंग येतो. ते वेळीच काढून टाकले तर इंजिन वाचते. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलसुद्धा शोषून घेणारा, मग पुरात त्याची गत काय सांगावी. तोही बदलावा लागतो. चाकांच्या बेअरिंगांतील ग्रीस, गाद्यांतील स्पंज, तळाचा गालिचा, हे सर्व बदलावयाचे. येथवर केवळ पैशाचा आणि मेहनतीचा प्रश्न आहे.

खरी गोम तारांत आहे. मोटार म्हणजे आता यंत्र कमी आणि विजेचे जाळे अधिक, असे झाले आहे. तारेच्या टोकाशी पाणी लागले की ते आवरणाच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, हळूहळू वर चढत जाते. तेथे तांब्यास हिरवा कळक धरतो. आज दिवा लागतो, उद्याही लागतो; आठ महिन्यांनी एखाद्या पावसाळी रात्री तो लागत नाही आणि का लागत नाही हे कोणासच सांगता येत नाही. प्रस्तुत मोटारीत कुलुपांची व चोरघंटेची विद्युत्पेटी आसनाखाली, अगदी तळाशी बसविलेली असते. तिला पुराचीही गरज नाही. छपरातून पाणी निघून जाण्याची भोके झाडांच्या पानांनी बुजली तरी ती भिजून मरते. आणि अपघातसमयी फुगून माणसाचे प्राण वाचविणाऱ्या ज्या पिशव्या असतात, त्यांचे तर कार्यच असे की, वर्षानुवर्षे काहीही न करता बसून राहावे आणि एका क्षणी चुकू नये. ती पिशवी अजून शाबूत आहे की नाही हे त्या क्षणाआधी कसे कळावे?

हे गोड्या पाण्याचे झाले. खाऱ्या पाण्याची गोष्ट याहून भयंकर. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कलगतच्या नेवार्क बंदरात समुद्र घुसला, तेव्हा फिस्कर कंपनीच्या विजेवर व पेट्रोलवर चालणाऱ्या तीनशेहून अधिक कोऱ्या मोटारी तेथे उभ्या होत्या. मीठ त्यांच्या विजेच्या पेट्यांत शिरले आणि पाण्यात बुडालेल्या त्या मोटारींपैकी सोळा मोटारी जळून गेल्या! बुडून जळणे हा प्रकार आमच्या पुराणांतही फारसा आढळत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन वादळानंतर विजेच्या मोटारींना आगी लागल्या, तेथील अग्निशामकांना लोकांस सावध करावे लागले. भाच्याची मोटार ओढ्याच्या पाण्यात बुडाली होती, ही त्यातल्या त्यात भाग्याची गोष्ट.

या सर्वांतून एक गोष्ट ध्यानात येते. पाणी एका रात्रीत ओसरते. त्याने आरंभिलेले काम दोन-दोन, तीन-तीन वर्षे चालू राहते. म्हणून बुडालेली मोटार घेणारा मनुष्य एखादी वस्तू विकत घेत नसून एक न वाचलेले मृत्युपत्र विकत घेत असतो. मालवाहू ट्रक असता तर गोष्ट वेगळी होती. ट्रक बंद पडला तर माल उशिरा पोचतो, एवढेच. परंतु स्पोर्ट्‌स मोटारीस उपयोग असा काहीच नसतो. तिच्यात सामान मावत नाही, मुलेबाळे बसत नाहीत, म्हाताऱ्या माणसांस तिच्यातून उठताही येत नाही. वळणावर वेगाने जाताना हाताखालचे यंत्र आपल्या मनाप्रमाणे वागते आहे, हा जो विश्वास, तेवढाच काय तो तिचा माल. तो विश्वासच भिजला असेल तर चौदा हजारांतील साडेचार तरी कशाचे द्यावयाचे?

तथापि हिशेबाची दुसरीही बाजू आहे आणि ती आम्ही त्यास प्रामाणिकपणे लिहिली. मोटारीस ‘गेली’ म्हणून ठरविणारा वैद्य नसतो, मुनीम असतो. आपल्या देशातील विम्याच्या रिवाजाप्रमाणे, दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की मोटार संपूर्ण नष्ट झाली असे धरतात. तिकडेही तत्त्व तेच, प्रमाण संस्थानागणिक वेगळे. तेव्हा जुनी, उतरत्या किमतीची मोटार थोड्याशा पाण्यानेही कागदावर मरते आणि नवी, महाग मोटार त्याच पाण्यात कागदावर जिवंत राहते. ज्याला स्वतःच्या हाताने तारा उलगडता येतात, ज्याच्याजवळ कामास जाण्यासाठी दुसरे वाहन आहे, आणि दिलेली रक्कम ओढ्यातच गेली असे समजून ज्यास झोप येऊ शकते, त्याने अशी मोटार घेतली तर तो मूर्ख ठरत नाही. आमच्या भाच्यास या तिन्ही गोष्टी लागू पडत होत्या. हिशेब येथे संपला.

परंतु पत्रात एक वाक्य असे होते की, त्यावर आम्ही अडलो. ‘गालिचा नवा, आसने नवी, पेटी नवी, ब्रेक नवे. मग मामा, हिला आता पुरातली मोटार तरी का म्हणायचं?’

हा प्रश्न फार जुना आहे. मिलिंद राजा रथात बसून भिक्षू नागसेनाच्या भेटीस आला, तेव्हा नागसेनाने त्यास विचारले की, रथ म्हणजे कोणता? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला, आणि शेवटी त्यास मान्य करावे लागले की, या सर्वांच्या आधारे चालणारे ‘रथ’ हे केवळ एक नाव आहे. ग्रीकांकडे हीच गोष्ट थीसियसच्या गलबताची. अथेन्सच्या लोकांनी ते जपून ठेवले, फळी कुजली की नवी बसविली. सर्व फळ्या बदलल्यावर गलबत तेच की दुसरे, यावर पंडितांचा वाद प्लूटार्कने नमूद केला आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचे पुन्हा गलबत बांधले तर? वर्गात हा प्रश्न आम्ही कैक वर्षे हसत हसत शिकवला. मोटारींच्या भंगारबाजारात तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बुडालेल्या मोटारीतून काढलेली पेटी, पंप, दिवा यांना तेथे गिऱ्हाईक असते. म्हणजे जी मोटार कधीच बुडाली नाही तिच्याही पोटात पुराचा अंश येऊन बसू शकतो.

नागसेनाशी वाद घालण्याची आमची प्राज्ञा नाही. पण रथाच्या घटकांची यादी करताना त्याने चाके, आस, जू, दांडी एवढेच मोजले. रथाचा पूर्ववृत्तान्त मोजला नाही. त्यास तो मोजण्याचे कारणही नव्हते, कारण राजा तो रथ विकत नव्हता. विकावयाच्या वस्तूत मात्र पूर्ववृत्तान्त हाही एक भाग असतो, आणि तो एकच भाग असा की, तो बदलता येत नाही; फार तर काढून टाकता येतो.

याचे एक विलक्षण उदाहरण आहे. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील मॅजोरे सरोवरात, आस्कोना गावाजवळ, १९२५ साली बनलेली बुगाटी कंपनीची एक ‘ब्रेशिया’ मोटार तळाशी पडून होती. शर्यतीच्या जातीची, दोन आसनांची, त्या काळातली मोठी मिजासखोर चीज. कथा अशी सांगतात की, एका प्रसिद्ध शर्यतपटूने ती पॅरिसमध्ये पत्त्यांच्या डावात गमावली, जिंकणारा ती घेऊन स्वित्झर्लंडच्या सीमेवर आला, आणि जकात भरण्यास पैसे नाहीत म्हणून सोडून निघून गेला. जकातखात्याने नियमाप्रमाणे ती सरोवरात बुडविली. पुढे साखळी झिजून तुटली आणि मोटार पन्नासेक मीटर खोल गेली. जुलै २००९ मध्ये तिकडच्या पाणबुड्यांनी ती वर काढली. त्यामागील कारण दुःखद होते: त्यांच्यातील एका तरुणाचा गुंडांच्या मारहाणीत अंत झाला होता, आणि त्याच्या स्मरणार्थ तरुणांतील हिंसेविरुद्ध काम करण्यासाठी निधी उभारावयाचा होता. एक बाजू गाळात राहिल्याने बरी टिकलेली, दुसरी गंजून जाळी झालेली, अशा त्या सांगाड्यास जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात २,६०,५०० युरो आले. ती घेणाऱ्या पीटर मलिन या अमेरिकन संग्राहकाने तिला नवे पत्रे चढविले नाहीत. कॅलिफोर्नियात ऑक्सनार्ड येथे त्याचे संग्रहालय होते, ते २०२४ मध्ये बंद झाले. तेथे ती जशी निघाली तशी, गंजलेली, लोकांस पाहावयास ठेवली होती.

ही मोटार चालण्यास सर्वथा निरुपयोगी, आणि तरीही एवढे मोल! कोणी म्हणेल, श्रीमंतांची चैन. असेलही. पण आम्हांस त्यात एक गोष्ट दिसते. त्या मोटारीचे बुडणे हे तिच्यातील व्यंग नव्हते, कारण ते झाकलेले नव्हते. गिऱ्हाइकाने जे विकत घेतले ते बुडणेच होते. तीच मोटार कोणी रंगवून, चकचकीत करून, सरोवराचे नाव न काढता विकली असती, तर त्याच पत्र्यांचा तो अपहार ठरला असता.

आता भाच्याच्या मुख्य युक्तिवादाकडे वळू. सगळे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून नीतीचा प्रश्न नाही, असे तो म्हणतो. आज ठाऊक आहे, हे खरे. अमेरिकेत मालकीपत्रावर पुराचा शिक्का मारण्याची पद्धत आहे. पण प्रत्येक संस्थानाचे नियम वेगळे, त्यामुळे मोटार एका संस्थानातून दुसऱ्यात नेऊन नवे कागद करताना तो शिक्का नाहीसा करण्याची युक्ति व्यापाऱ्यांनी फार पूर्वीच शोधली. या प्रकारास तिकडे मालकीपत्र ‘धुणे’ असेच म्हणतात. मोटार पुराने एकदा धुतली, कागद माणसाने दुसऱ्यांदा धुतला! यास आळा घालण्यासाठी १९९२ च्या कायद्याने अखिल देशाची एक नोंदवही सुरू करावी लागली. आपल्याकडे तर हा प्रश्नच नाही. आपल्या नोंदणीपुस्तकात पुराचा रकानाच नसल्याने धुण्याचेही श्रम पडत नाहीत.

शास्त्रकार या बाबतीत अंधारात नव्हते. विकून अगर विकत घेऊन पश्चात्ताप होणे हे मनूने व्यवहाराच्या अठरा पदांपैकी एक मानले आणि दहा दिवसांच्या आत वस्तू परत घेण्या-देण्याची मुभा दिली; दोषयुक्त अगर झाकलेला माल विकू नये असेही सांगितले. पण दहा दिवसांत तांब्याला कळक धरत नाही, त्याला काय करावे? सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात घर विकणाऱ्याचा प्रश्न घेतला आहे. घरात दोष आहेत, ते फक्त मालकास ठाऊक आहेत; त्याने सांगावेत काय? बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, विचारले नाही तर सांगण्याचे बंधन नाही; गप्प राहणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे.

आमचा १८७२ चा करारांचा कायदा मात्र पुष्कळसा गुरूकडे झुकतो. त्याच्या सतराव्या कलमाखाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. घोडा व्यंगी आहे हे ठाऊक असून मालक लिलावात तो विकतो आणि काही बोलत नाही: हे कपट नव्हे. पण घेणारी जर त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की, ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष समजतो’, तर अशा वेळचे मौन हे बोलण्यासारखेच. ही तीन उदाहरणे आम्ही कितीदा वाचली असतील! त्यातले मधले वाचताना मनात दर वेळी येते की, कायद्याने पोटच्या मुलीपुरता जो नियम केला तो परक्याच्या मुलासाठी का केला नाही? बाजार चालणार नाही म्हणून, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पण उत्तर ठाऊक असल्याने समाधान होतेच असे नाही.

आणि आता ते सांगितले पाहिजे, ज्यामुळे भाच्याच्या पत्रावरचे आमचे हसू मावळले.

२००५ साली आम्ही मुंबईस कालिन्याला राहत होतो. २६ जुलै रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी रस्त्यावर आली, आणि इमारतीखाली उभी असलेली आमची छोटी मोटार रात्रभर आसनापर्यंत पाण्यात राहिली. विम्याचे थोडे पैसे मिळाले, गॅरेजवाल्याने ती चालती करून दिली, आणि पुढल्या उन्हाळ्यात आम्ही ती विकावयास काढली. दलालाने नवी सीट-कव्हरे घालावयास लावली, तळाला नवे मॅट टाकले, आणि आत कापराच्या वड्या व वासाची एक बाटली ठेवली. ‘सर, विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर आपण होऊन कशाला?’ असे तो म्हणाला. डायोजिनीसचे नाव त्याने ऐकले असण्याचा संभव नाही.

घ्यावयास आला तो वसईकडचा एक तरुण. नुकतेच लग्न झालेले, सोबत पत्नी. आम्ही प्राध्यापक म्हणून कळल्यावर त्याने किंमत फारशी ओढली नाही. उलट ‘सर, तुमच्याकडची गाडी म्हटल्यावर काळजी नाही’ असे म्हणाला. नंतर रीत म्हणून विचारले, ‘अपघात वगैरे काही?’ आम्ही म्हणालो, ‘अपघात कधीच नाही.’ हे अक्षरशः खरे होते. चार-पाच महिन्यांनी त्याचा फोन आला. अत्यंत अदबीने तो विचारीत होता की, वळणाचा दिवा लावला की कधी कधी वायपर फिरू लागतात. तुमच्याकडे असे व्हायचे का? आम्ही म्हणालो, ‘नाही, आमच्याकडे कधी झाले नाही.’ हेही अक्षरशः खरे होते. तो ‘बरं सर, सॉरी हं, त्रास दिला’ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे, आणि अश्वत्थाम्याविषयीच्या त्या एका खऱ्याखोट्या वाक्यानंतर तो खाली टेकला, अशी कथा आहे. आमची मोटार पहिल्यापासून जमिनीवरच चालत असल्याने आम्हांस काही जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गावर गेलो आणि, स्मरणाप्रमाणे, कांटवर बोललो.

त्या तरुणास झालेला तोटा फार मोठा नसेल. काही हजारांत तारा बदलून मिळाल्या असतील. कदाचित त्यानेही ती मोटार पुढे विकली असेल, आणि त्यास आम्ही काही न सांगितल्यामुळे त्याने अगदी निर्मळ मनाने विकली असेल. हेच आम्हांस फार लागते. पूर कोठवर चढला होता हे ठाऊक असलेला जगात एक मनुष्य होता, तो गप्प बसला, आणि त्या क्षणी ती माहिती कायमची बुडाली. मोटार वर आली. माहिती तळाशी गेली.

म्हणून भाच्यास आम्ही लिहिले ते असे. तुला साडेनऊ हजार डॉलर कमी पडत आहेत ते कशाबद्दल? मोटारीतील बिघाडाबद्दल नव्हेत. बिघाड कोणता आणि केव्हा, हे व्यापाऱ्यासही ठाऊक नाही. कोणीतरी खरे सांगितले, म्हणून ते कमी झाले. सांगितले नसते तर तूही चौदा हजारच दिले असतेस. तेव्हा ही सूट म्हणजे तुला मिळालेली रक्कम नसून तुझ्याकडे ठेवलेली ठेव आहे. मोटार मोडून भंगारात जाईपर्यंत तूच वापरणार असशील, तर ती खुशाल खा. पण पुढे कोणास विकणार असशील, तर त्याने विचारण्याची वाट न पाहता सगळे सांगावे लागेल, आणि त्यास तीच सूट द्यावी लागेल. ‘शिक्का आहेच की कागदावर’ हे पुरे होणार नाही. कागद कसे धुतात ते तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. आणि चार वर्षांनी, तुझे लग्न झाल्यावर, पैशांची ओढ असताना, समोर एखादा सरळ मुलगा उभा राहून ‘काही प्रॉब्लेम नाही ना?’ असे विचारील, त्या दिवशी तू काय बोलशील हे आज तुला ठाऊक नाही. मलाही त्या वेळी ठाऊक नव्हते. असे लिहून आम्ही कालिन्याची हकीकतही लिहिली. ताईसही ती ठाऊक नव्हती.

उत्तर यावयास तीन आठवडे लागले. त्याने मोटार घेतली होती. आम्हांस थोडे वाईट वाटले आणि थोडे बरेही वाटले, का ते सांगता येत नाही. व्यापाऱ्याकडून त्याने काढलेल्या व बदललेल्या भागांची यादी मागून घेतली होती, तारांचा एक संपूर्ण जुडगा स्वतः उलगडून पाहिला होता, आणि डॅशबोर्डाच्या कप्प्यात एक वही ठेवली होती. वहीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र त्याने पाठविले. वर तारीख, ओढ्याचे नाव, पाणी आले तेथवर मोटारीच्या आकृतीत निळ्या पेन्सिलीने ओढलेली रेघ, खाली नव्या भागांची यादी. त्याखाली एक ओळ होती: ‘डावी काच पावसात अडकते. कारण सापडलेलं नाही.’ पुढची पाने कोरी होती.

पत्राच्या शेवटी, ‘आपला आज्ञाधारक’ या शब्दांच्या खाली, त्याने ताजा कलम म्हणून विचारले आहे: ‘मामा, वसईच्या त्या माणसाचा नंबर तुमच्याकडे अजून आहे का?’

नंबर आहे. एका फोनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, ‘गाडी वसई’ या नावाने तो आपोआप येत गेला. भाच्याच्या त्या पत्रास आम्ही अद्याप उत्तर लिहिलेले नाही.